ओल, वाळवी आणि सारवण : मातीच्या भिंतीचा एक अलिखित इतिहास

मराठी साहित्यात घर पुष्कळ आहे, भिंत मात्र फार थोडी आहे. ओसरी आहे, माजघर आहे, परसदारची विहीर आहे, उंबऱ्यावर तर कवितांची रास पडली आहे. पण हे सारे ज्या भिंतींनी आणि ज्या छपराने पेलले, ती भिंत चार महिन्यांच्या पावसात विरघळली कशी नाही आणि ते छप्पर वाळवीने खाल्ले कसे नाही, हा प्रश्न आपल्या लेखकांना क्वचितच पडला. अभ्यासकांनाही पडला नाही. वास्तविक माती, लाकूड, बांबू, गवत, शेण आणि चुना यांतून उभ्या राहिलेल्या घराचा इतिहास हा प्रामुख्याने ओल आणि कीड यांच्याशी चाललेल्या झुंजीचा इतिहास आहे. हे घर एकदा बांधून संपत नसे, ते दरवर्षी नव्याने राखावे लागे. ही राखण्याची विद्या कोणाची होती, ती कशी चालत असे आणि ती मोडल्यावर काय झाले, याचा थोडा मागोवा येथे घ्यावा असा आमचा विचार आहे.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. ओल आणि वाळवी असे दोन शत्रू आपण मोजतो, पण ते एकाच वाटेने येतात. वाळवीला पांढरी मुंगी म्हणण्याची जुनी रीत असली तरी ती मुंग्यांच्या कुळातली नव्हे, तिचे खरे नाते झुरळाशी आहे. तिचे अंग मऊ असते. कोरडी हवा आणि ऊन तिला सोसत नाही. म्हणून ती जमिनीतून वर चढताना स्वतःभोवती मातीची नळी बांधत येते आणि त्या नळीत ओलावा राखते. भिंतीवर दिसणारी मातीची ती वेडीवाकडी रेघ म्हणजे तिचा झाकलेला रस्ता. ओल तुटली की रस्ता तुटतो. घर कोरडे राखणे आणि घर वाळवीपासून राखणे ही म्हणूनच वेगवेगळी कामे नव्हेत.

हे नाते आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त 'दकार्गल' नावाचा अध्याय आहे. भूमिगत पाणी कोठे लागेल याच्या खुणा त्यात सांगितल्या आहेत, आणि त्या खुणांत वारुळाचे स्थान मोठे आहे. जांभळीच्या पूर्वेस जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेस दोन पुरुष खोलीवर गोडे पाणी लागेल, अशा धर्तीची ती विधाने आहेत. प्रत्येक विधान खरे ठरते की नाही हा भाग वेगळा. पण वारूळ म्हणजे जमिनीतल्या ओलीची खूण, हे निरीक्षण त्यामागे निश्चित आहे. विहीर खोदणाऱ्याला जी खूण शुभ, तीच घर बांधणाऱ्याला सावधगिरीची. आणि तरीही त्याच वारुळाची माती, बारीक व चिकट म्हणून, जमीन करायला आणि भिंती लिंपायला आणली जात असे. शत्रूच्या गडाचे दगड काढून आपली तटबंदी करावी, तसा हा प्रकार.

त्याच ग्रंथात 'वज्रलेप' सांगितला आहे. टेंभुर्णीची व कवठाची कच्ची फळे, सावरीची फुले, वेखंड इत्यादींचा काढा आटवायचा, त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेल वगैरे घालायचे आणि तो लेप गरम असताना देवळे, वाडे, मूर्ती, भिंती, विहिरी यांना द्यायचा. तो एक कोटी वर्षे टिकतो, असे ग्रंथकार सांगतो. अतिशयोक्ती सोडून दिली तरी एक गोष्ट उरते. या यादीतले बिब्बा आणि वेखंड हे दोन पदार्थ सामान्य माणसाच्या घरातही त्याच कामासाठी होते. बिब्ब्याचे झोंबरे तेल लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावत, आणि वेखंडाचा तुकडा पोथीच्या बासनात ठेवत. फरक इतकाच की देवळाचा लेप श्लोकबद्ध झाला, घराचा झाला नाही. शास्त्राने राजाच्या आणि देवाच्या भिंतीची काळजी वाहिली. कुणब्याच्या भिंतीचे शास्त्र ग्रंथाबाहेरच वाढले.

ते कसे वाढले हे पाहण्यासाठी देशावरच्या दोन शब्दांकडे जावे लागते : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण. जुन्या कागदपत्रांत हे शब्द गावाच्या दोन अंगांची नावे म्हणून येतात आणि आपण त्यांचा अर्थ बहुधा महसुलापुरता लावतो. पण त्यांत मातीचे ज्ञानही आहे. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिची भिंत एका उन्हाळ्यात तडकते. पांढरी माती तितकी फुगत नाही, म्हणून भिंती पांढरीच्या. पडलेल्या घराची माती पुन्हा नव्या घराला लागे. शतकानुशतके वसलेल्या गावांची गावठाणे शेताहून उंच टेकाडावर दिसतात, त्यामागे घरांच्या मातीचे हे पिढ्यान्‌पिढ्या साचत जाणेही आहे.

छपराची तऱ्हा पावसाप्रमाणे बदले. मराठवाडा, सोलापूर, खानदेश या कमी पावसाच्या मुलखात धाब्याची किंवा माळवदाची घरे होती. सर आणि कड्या यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाल्याचा थर, त्यावर माती, आणि सगळ्यांत वर खारी माती. ही खारी माती म्हणजे माळवदाचे मर्म. तिच्यातल्या सोडियमच्या क्षारांमुळे ओली होताच तिचे बारीक कण सुटे होतात आणि छिद्रे बुजवून टाकतात, त्यामुळे पाणी खाली न झिरपता उतारावरून पन्हाळीकडे वाहते. चोपण जमिनीत पाणी मुरत नाही म्हणून शेतकरी कपाळाला हात लावतो, त्याचे कारणही हेच. शेतात जो दोष तोच छपरात गुण ठरला. मात्र पावसाने आणि वाऱ्याने थर झिजे, गळती लागे, आणि पुढच्या मृगाआधी त्यावर आणखी माती टाकावी लागे. जुनी माती काढून नवी टाकणे कष्टाचे, जुनीवर नवी टाकणे सोपे. ही साधी गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

कोकणात असले छप्पर एक पावसाळाही टिकले नसते. तेथे पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर, आणि तोही आडवा. म्हणून तेथला सारा विचार भिंतीवर पाणी येऊच न देण्याचा. उतरते छप्पर जवळजवळ जमिनीकडे झुकलेले, भोवती पडवी, आणि पावसाची झड थोपवण्यासाठी पडवीच्या उघड्या बाजूला नारळाच्या झावळांचे विणलेले झाप. भिंत मातीची असो की जांभ्या चिऱ्याची, ती छपराच्या सावलीत कोरडी राही. मेअखेर आगोटीची जी धांदल उडे, तिच्यात डाळ-तांदळाइतकीच शाकारणीही असे : जुने गवत काढणे, नवे घालणे, कौले असतील तर ती उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवणे. गावच्या कुंभाराची नळीची कौले माकडे फोडत आणि वाऱ्याने सरकत. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे त्या सपाट, एकमेकांत अडकणाऱ्या कौलांनी पश्चिम किनारा व्यापला. आज कोकणच्या 'पारंपरिक' घराचे चित्र काढणारा प्रत्येक जण हीच कौले काढतो.

परंपरा म्हणजे अनादि असे मानणाऱ्यांसाठी आणखी एक उदाहरण आहे. कोकणात आणि गोव्यात लाकडाला कीड लागू नये म्हणून काजूच्या टरफलाचे काळे, कातडी भाजणारे तेल लावतात. होड्यांनाही लावतात. हा उपाय 'आपला, पूर्वापारचा' म्हणून सांगितला जातो. पण काजू ब्राझीलचा. तो सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आला. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले, दोहोंच्या टरफलातला झोंबरा रस एकाच जातीचा. ज्या हातांना बिब्बा ठाऊक होता त्यांना परक्या फळाचा गुण ओळखायला फार वेळ लागला नसावा. आम्हांस हे अनादि परंपरेपेक्षा अधिक अभिमानास्पद वाटते.

लाकडाची निवड हा दुसरा भाग. ज्याची ऐपत त्याचा सागवान, कारण सागाच्या गाभ्यातच वाळवीला न रुचणारी द्रव्ये असतात. बाकीच्यांना ऐन, खैर, बाभूळ, आणि बहुसंख्यांना बांबू. बांबूत पिष्ट भरपूर, म्हणून भुंगेऱ्यांची त्यावर झड पडते आणि घरभर पिवळसर भुसा सांडतो. यावर उपाय दोन : पावसाळा संपल्यावर, पिष्ट कमी झाल्यावर तोडणे, आणि तोडलेला बांबू काही आठवडे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवणे. बांबू वद्य पक्षातच तोडावा असाही संकेत आहे. ऋतूचा नियम आम्हांस समजतो, चंद्राच्या नियमाबद्दल आम्ही साशंक आहोत. पण असा संकेत पाळणारा माणूस निदान वाटेल तेव्हा कोयता चालवत नसे, हेही खरे.

पेशवाईतील वाड्यांकडे पाहिले तर याच तत्त्वांचे श्रीमंत रूप दिसते. दगडी जोते, त्यावर विटा-माती-लाकूड, आणि प्रत्येक लाकडी खांबाखाली तळखडा. तळखड्यावरचे कोरीवकाम पाहून आपण तो शोभेचा मानतो. त्याचे मुख्य काम लाकूड आणि जमीन यांची गाठ पडू न देणे हे आहे. ओल दगडापर्यंत येते आणि तेथे अडखळते, वाळवीला दगड ओलांडायचा तर नळी उघड्यावर बांधावी लागते आणि ती झाडणाऱ्या बाईच्या नजरेस पडते. जोत्याचा दगड काय टिकवतो हे शनिवारवाड्यावरून कळते. १७३० मध्ये पाया घातलेला तो वाडा १८२८ च्या आगीत जळाला. लाकूड गेले, जोती आणि तट राहिले.

वाड्यांचा चुना हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. भट्टीत चुनखडी भाजणारे लोणारी, बैलांच्या घाणीत ती मळणारे, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा, ताग घालणारे गवंडी अशी ती साखळी होती. येथे एवढेच नोंदवू की चुन्याचा गिलावा हवेतला कर्बवायू घेत वर्षानुवर्षे घट्ट होतो आणि तरीही त्यातून वाफ आरपार जाऊ शकते. भिंतीत शिरलेले पाणी त्यातून बाहेर पडते. भिंत श्वास घेते असे जुने गवंडी म्हणत, ते अलंकारिक नव्हते.

आता सारवणाकडे येऊ. शेणाविषयी हल्ली फार भाविकपणे लिहिले जाते. ते जंतुनाशक आहे, ते किरणोत्सर्ग अडवते, इथपर्यंत मजल जाते. या दाव्यांना आम्ही फारशी किंमत देत नाही. शेणाचे खरे काम साधे आहे : त्यातले न पचलेल्या गवताचे बारीक तंतू मातीला तडे जाऊ देत नाहीत आणि त्यातला चिकटपणा वरची धूळ धरून ठेवतो. उलट शेणात वाळवीला आवडणारे काष्ठतंतू असतातच. जाड थापलेले, ओले राहिलेले शेण तिला आमंत्रणच ठरते. म्हणून सारवण पातळ हवे, ते त्याच दिवशी वाळायला हवे, आणि वारंवार हवे. खरा बचाव या 'वारंवार'मध्ये आहे. आठवड्यातून एकदा जमिनीच्या प्रत्येक वितीवरून एक हात फिरत असे. उंदराचे बीळ, कोपऱ्यातली ओल, भिंतीच्या पायथ्याशी उगवलेली वाळवीची नळी, हे सारे त्या हाताला त्याच आठवड्यात सापडे. पोतेरे हे लेपनाचे साधन होते तसेच तपासणीचेही.

तो हात बाईचा होता. सडासंमार्जन हा जोडशब्द आपल्या जुन्या वाङ्मयात सहज येऊन जातो, मंगलतेची खूण म्हणून. त्यातले श्रम बहुधा दिसत नाहीत. अपवाद जनाबाईंचा. झाडलोट, दळण, शेण-गोवऱ्या वेचणे ही कामे त्यांच्या अभंगांत विठ्ठलालाच करावी लागतात. आम्ही वर्गात हे अभंग भक्तीचे म्हणून शिकवतो. ते घर राखण्याच्या कामाचा आपल्या भाषेतला एक अतिशय जुना दस्तऐवज आहेत, असे एखाद्या तासाला सांगून पाहावे. विद्यार्थिनी लगेच मान डोलावतात, विद्यार्थ्यांना थोडा वेळ लागतो.

चुलीच्या धुराचीही गोष्ट अशीच. स्वयंपाकघराच्या वरचा माळा, तेथले वासे आणि बांबू काजळीने काळेभोर होत, आणि त्या काजळीने व रोजच्या उबेने ते कोरडे राहत. कीड तेथे फिरकत नसे. बियाणे म्हणून राखलेली कणसे त्याच धुरात टांगलेली असत. चूल बंद झाली की गवती छपराला कीड लवकर लागते, हे अनेक ठिकाणी दिसते. पण वाशांना जपणारा हा धूर बायकांचे डोळे आणि फुफ्फुसे खात होता. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गावोगाव गॅस पोचला, आणि त्याबरोबर छप्पर गेले म्हणून हळहळणाऱ्यांनी चुलीपुढे एक पावसाळा काढून पाहावा असे आम्हांस वाटते.

येथे थोडे विषयांतर होईल, पण ते साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी आवश्यक आहे. जी भिंत ओलीने गेली तिच्याबरोबर कोनाड्यातली पोथीही गेली. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे आयुष्यभर ते वाड्यावाड्यांतून दप्तरे शोधत फिरले. ज्या घरांत माळा कोरडा राहिला, ज्यांची शाकारणी चुकली नाही, त्या घरांतले कागद वाचले. प्राचीन मराठीचा जो साठा आज आपण 'उपलब्ध' म्हणतो, त्याच्या निवडीत गुणवत्तेइतकाच छपराचा वाटा आहे. पाठचिकित्सा शिकवताना आपण लेखनिकाचे प्रमाद मोजतो, गळतीने पुसलेली पाने मात्र 'त्रुटित' या एका शब्दात आटोपतो.

मातीत वस्तू कोरडी ठेवण्याची कमाल पाहायची तर सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे आठवावीत. जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राही. तोंड मातीने बंद केले की आतला प्राणवायू संपतो, किडा जगत नाही, आणि तेथली माती ओल धरत नाही. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी या पेवांत शिरले आणि पुष्कळ पेवे निकामी झाली. जमिनीच्या निवडीवर उभे असलेले तंत्र पुरापुढे टिकले नाही.

आणि आता माळवदाकडे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र संपता संपता, किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. मृतांचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत दिले जातात. घरांच्या भिंती ओबडधोबड दगड आणि मातीच्या, दोन पदरी, पदरांना सांधणारे आरपार दगड नसलेल्या. त्या फुटल्या. आणि वरून आले ते माळवद, पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढून हात-दीड हात जाड झालेले. गळती थांबावी म्हणून दरवर्षी जी माती वर टाकली, तीच अंगावर आली. जेथे लाकडी खांबांचा सांगाडा मजबूत होता तेथे भिंती ढासळूनही छत उभे राहिल्याची उदाहरणे आहेत. ओलीविरुद्धचा उपाय स्वतःच्या वजनाखाली असा मारक ठरला. मातीच्या घराचे गुणगान करणाऱ्या कोणत्याही लेखनाने हा प्रसंग वगळणे आम्हांस अप्रामाणिक वाटते.

त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली आणि मराठवाड्याच्या मनात माती व मृत्यू यांची गाठ पडली. त्या लोकांना सिमेंट हवे होते आणि ते हवे असण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंटचे उत्पादन सुरू झाल्यापासून जे हळूहळू शहरांत घडत होते, ते गावांत एका रात्रीत घडले. वाळवीसाठीही पुढे पायात औषध ओतण्याची पद्धत रूढ झाली. ऑल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर ही त्यांतली जहाल औषधे मातीत वर्षानुवर्षे राहत. टिकाऊपणा हाच त्यांचा गुण होता आणि त्यासाठीच त्यांवर १९९६ मध्ये बंदी आली.

खरी अडचण सिमेंटच्या घराची नाही, ती सिमेंट चढवलेल्या मातीच्या घराची आहे. वाडा जुना झाला, सारवणारे हात शहरात गेले, लोणारी आणि चुन्याची घाणी नाहीशी झाली. मग मालक एकदाच काय तो खर्च करून मातीच्या किंवा विटांच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट देतो. दोन वर्षे भिंत देखणी दिसते. जमिनीतून चढणारी ओल पूर्वीसारखीच चढत असते, पण आता तिला बाहेर पडायला वाट नसते. ती आत साचते, वर वर चढते, लोणा धरते, आतली माती मऊ पडते. शेवटी पोपडा सुटतो तो भिंतीचा थर घेऊनच सुटतो. तुळईची टोके याच ओल्या भिंतीत रुतलेली असतात, आणि गिलाव्याच्या आड वाळवीला हवा तसा झाकलेला, दमट रस्ता आयता मिळतो. पूर्वी तिला तो स्वतः बांधावा लागे.

यावरचा उपाय अवघड नाही, पण सावकाशीचा आहे. सिमेंट खरवडून काढायचे, जोत्याभोवतीचे पाणी वळवायचे, आणि चुना देण्यापूर्वी भिंत उघडी ठेवून वाळू द्यायची. दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ त्याला लागतो. या दिवसांत भिंत ओरबाडल्यासारखी दिसते, घरात रोज माती पडते, आणि येणारा-जाणारा विचारतो की अजून गिलावा का केला नाही. बहुतेक मालक दुसऱ्याच महिन्यात सिमेंटवाल्या गवंड्याला बोलावतात.